चार महिने आणि एकशे अकरा वर्षे : हॅरी पॅच यांचे स्मरण

हॅरी पॅच यांचे २५ जुलै २००९ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, वेल्स या छोट्या शहरातील वृद्धाश्रमात निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय १११ वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत प्रत्यक्ष लढलेल्या सैनिकांपैकी ते अखेरचे ज्ञात हयात सैनिक. त्यांच्याबरोबर त्या खंदकांची डोळ्यांदेखतची आठवण संपली, असे तेव्हा वृत्तपत्रांनी लिहिले आणि ते खरेच होते. परंतु या आयुष्याचा साधा हिशेब मांडला की मन अडखळते. पॅच फ्रान्समध्ये उतरले जून १९१७ मध्ये. जखमी होऊन आघाडीवरून मागे गेले २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री. म्हणजे जेमतेम चार महिने. उरलेली शतकाहून अधिक वर्षे त्यांनी घरांचे नळ जोडले, दोन मुले वाढवली, दोन वेळा संसार मांडला आणि दोन्ही वेळा पत्नीला निरोप दिला. जगाच्या लेखी मात्र ते राहिले ते त्या चार महिन्यांचे.

आम्ही साहित्याचे अध्यापक. युद्धेतिहास हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या आयुष्यापाशी थांबावेसे वाटते, कारण साक्ष म्हणजे काय, मौन म्हणजे काय आणि म्हाताऱ्या माणसाचे ऐकायचे म्हणजे नेमके काय ऐकायचे, हे प्रश्न शेवटी आमच्याच वर्गातले आहेत. त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही स्वतः चुकलो होतो. ती हकीकत पुढे ओघाने येईल.

पॅच यांचा जन्म १७ जून १८९८ चा, बाथ शहरालगतच्या कूम डाउन या गावचा. वडील दगडाचे काम करणारे गवंडी. तीन भावांत हॅरी धाकटे. शाळा सोडून १९१३ मध्ये ते प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला लागले. थोरल्या भावांपैकी एक आधीपासून लष्करात होता आणि युद्धाच्या आरंभीच मॉन्सच्या लढाईत जखमी झाला होता. खंदकांतले जिणे कसे असते ते हॅरींना त्याच्याच तोंडून समजले, त्यामुळे ढोल-ताशांच्या आवाजाने भारून जाऊन भरतीच्या रांगेत उभे राहणाऱ्या तरुणांत ते कधीच नव्हते. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना बोलावणे आले. आपल्याला जायचे नव्हते, हे त्यांनी पुढे कधी लपवले नाही. वीरगाथांना ज्या प्रकारची सुरुवात लागते ती या कथेला नाही, हे प्रथमच लक्षात घेतलेले बरे.

ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फन्ट्रीच्या सातव्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली. काम लुईस गनच्या तुकडीत, दुय्यम तोफचीसारखे : बंदूक चालवणाऱ्याच्या शेजारी राहायचे, गोळ्यांच्या चकत्या बदलायच्या आणि बंदूक अडली तर तिचे सुटे भाग सांभाळून ती पुन्हा चालू करायची. प्लंबरच्या हाताला साजेसेच हे काम. तुकडी पाच जणांची. या पाच जणांनी आपसांत एक करार केला होता, असे पॅच सांगत : अगदीच नाइलाज झाल्याखेरीज कोणाला ठार मारायचे नाही, गोळी झाडायची तर पायांवर. सैन्याच्या कोणत्याही कागदावर हा करार नाही. तो फक्त एका म्हाताऱ्याच्या सांगण्यात आहे.

ईप्रची तिसरी लढाई, जी पाशेंडेल या नावाने अधिक ओळखली जाते, ती ३१ जुलै १९१७ रोजी सुरू झाली आणि १० नोव्हेंबरपर्यंत चालली. बेल्जियमचा तो सखल मुलूख. तोफांच्या माऱ्याने पाण्याचा निचरा करणारे चर उद्ध्वस्त झालेले, त्यात पावसाची झड. सारी रणभूमी चिखलाची झाली. पॅच यांच्या पलटणीने १६ ऑगस्टच्या पहाटे स्टीनबीक हा ओढा ओलांडून लांगमार्क गावावर चाल केली. या दिवसाच्या दोन आठवणी त्यांनी पुढे अनेकदा सांगितल्या.

पहिली आठवण एका मरणाऱ्या सैनिकाची. चाल करून जाताना वाटेत त्यांच्याच पलटणीतला एक तरुण पडलेला होता. तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचे शरीर फाडले होते. मला गोळी घालून सोडवा, अशी त्याने विनवणी केली. पिस्तूल बाहेर निघण्याच्या आतच तो गेला आणि जाताना त्याने एकच शब्द उच्चारला : ‘आई’. पॅच या शब्दापाशी नेहमी थांबत. ती वेदनेची हाक नव्हती, असे ते सांगत. आई समोर दिसावी आणि आश्चर्याने, आनंदाने तिला हाक मारावी, तसा तो स्वर होता. मृत्यू हा शेवट नसावा, असे त्यांना त्या क्षणापासून वाटू लागले.

दुसरी आठवण एका जर्मन सैनिकाची. तो संगीन रोखून धावत आला. पॅच यांनी प्रथम त्याच्या खांद्यावर गोळी झाडली. रायफल गळून पडली, तरी तो येतच राहिला. तेव्हा त्यांनी त्याच्या पायावर नेम धरला. पिस्तुलात त्याला सहज ठार करण्याइतक्या गोळ्या होत्या, विचार करायला अवधी मात्र काही क्षणांचाच होता. त्या काही क्षणांत पाच जणांचा करार पाळला गेला. तो जर्मन पुढे जगला की नाही, हे पॅच यांना कधीच कळले नाही.

आणि मग २२ सप्टेंबरची रात्र, साडेदहाचा सुमार. तुकडी आघाडीवरून मागे फिरत होती. एक तोफगोळा डोक्यावर फुटला. पाचांपैकी तिघे, जे दारूगोळा वाहून नेत, जागच्या जागी नाहीसे झाले. ‘ठार झाले’ असे म्हणणेही येथे पुरेसे नाही, कारण पुरायला काही उरले नाही. पॅच यांच्या जांघेत गोळ्याचा तुकडा घुसला. रुग्णछावणीत भूल देण्याचे औषध संपले होते. चौघांनी हातपाय धरून ठेवले आणि डॉक्टरांनी तो तुकडा तसाच काढला. त्यानंतर ते पुन्हा आघाडीवर गेले नाहीत. १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबले तेव्हा ते इंग्लंडातच होते.

येथवरची कथा युद्धाची. आता जे आयुष्य इतिहासात सहसा एका ओळीत उरकले जाते त्याकडे वळू.

१९१९ मध्ये पॅच यांनी लग्न केले. दुखापतीनंतर इंग्लंडात बरे होत असताना जिची ओळख झाली होती तीच ही मुलगी. दोन मुलगे झाले. ते पुन्हा प्लंबरच्या धंद्यात शिरले. ब्रिस्टल विद्यापीठाची विल्स मेमोरियल ही भव्य मनोऱ्याची इमारत त्या काळी उभी राहत होती. तिच्यावर त्यांनी चार वर्षे काम केले. ब्रिस्टलला जाणारा प्रवासी आजही तो मनोरा पाहतो. युद्धस्मारकांच्या यादीत तो नाही. परंतु खंदकातून परतलेल्या एका माणसाच्या हातांनी नंतर काय केले, याची ती दगडात उभी असलेली नोंद आहे. दुसरे महायुद्ध आले तेव्हा लष्करात जाण्याचे वय उलटलेले होते. त्यांनी बाथच्या अग्निशमन दलात अर्धवेळ काम पत्करले आणि १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले तेव्हा आगी विझवल्या. पुढे सॉमरसेटमधील स्ट्रीट या गावी स्वतःचा प्लंबिंगचा धंदा चालवून ते पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले.

या साऱ्या काळात त्यांनी युद्धाविषयी कोणाशीही शब्द काढला नाही. पहिल्या पत्नीबरोबरचा संसार १९१९ पासून ती १९७६ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षांचा. या सत्तावन्न वर्षांत २२ सप्टेंबरच्या रात्री काय घडले ते तिला सांगितले गेले नाही. मुलांनाही नाही. पलटणीच्या मेळाव्यांना ते जात नसत, युद्धावरचे चित्रपट पाहत नसत. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. तीही पत्नी १९८४ मध्ये गेली. दोन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. ज्यांना सांगावे अशी जवळची माणसे एकेक करून निघून गेली, आणि सांगायचे ते तसेच राहिले.

हे मौन आपण कसे वाचायचे? वॉल्टर बेंजामिन याने १९३६ मध्ये कथनकारावर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात एक निरीक्षण नोंदवले आहे : महायुद्धावरून परतलेली माणसे गप्प झाली होती, सांगण्याजोगा अनुभव त्यांच्यापाशी वाढला नव्हता, उलट घटला होता. वर्गात हा निबंध शिकवताना आम्ही हे वाक्य आधुनिकतेचे लक्षण म्हणून सांगत आलो. पॅच यांचे आयुष्य वाचल्यावर त्याचा घरगुती अर्थ कळतो. मौन म्हणजे तत्त्वज्ञानातली एखादी अवस्था नव्हे; ते रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसलेले असते. बायको विचारत नाही, कारण विचारू नये हे तिला कळलेले असते. मुले वाढतात ती बापाच्या आयुष्यातील एक खोली कायम बंद आहे हे जाणून. हे मौन कधी मायेचेही असते. जे आपल्याला सोसवले नाही ते घरात आणायचे नाही, असा काही त्याचा हेतू असू शकतो. परंतु त्याची किंमत घरातली सारीच माणसे मोजतात.

हे मौन तुटले ते १९९८ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. बीबीसीच्या एका माहितीपटासाठी ज्येष्ठ सैनिकांच्या मुलाखती घेतल्या जात होत्या. त्यात पॅच प्रथम बोलले. त्यापूर्वीची वृद्धाश्रमातली एक गोष्ट ते सांगत. त्यांच्या खोलीसमोर चादरी-टॉवेल ठेवण्याची खोली होती. रात्री कोणी कर्मचारी तिथला दिवा लावी आणि दाराच्या काचेतून प्रकाश अचानक यांच्या खोलीत येई. अर्धवट झोपेत तो प्रकाश म्हणजे फुटणारा तोफगोळा होई. ऐंशी वर्षांनंतर, स्वच्छ चादरींच्या खोलीतून, २२ सप्टेंबर १९१७ ची रात्र त्यांच्या बिछान्यापर्यंत चालत येत असे. युद्ध त्या चार महिन्यांत आटोपले होते, असे आम्ही वर म्हटले खरे. या माणसापुरते ते कधी आटोपलेच नाही, असेही म्हणावे लागेल.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला एक रास्त शंका येते. ऐंशी वर्षांनी सांगितलेली आठवण कितपत विश्वासार्ह? मधल्या काळात रेमार्कची कादंबरी येऊन गेली होती, ओवेन आणि ससून यांच्या कविता शाळाशाळांतून शिकवल्या गेल्या होत्या, असंख्य चित्रपट निघाले होते. पॉल फसेल याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या महायुद्धाची स्मृती साहित्याच्या साच्यांनी कशी घडवली ते विस्ताराने दाखवले आहे. मग पाच जणांचा तो करार, तो ‘आई’ हा शब्द, ही एकोणीस वर्षांच्या मुलाची आठवण, की एका शतायुषी माणसाने आयुष्यभर मनात घोळवून घडवलेली नीतिकथा? त्यात आणखी एक गुंता असा की पॅच यांचे ‘द लास्ट फायटिंग टॉमी’ हे आत्मकथन २००७ मध्ये आले ते रिचर्ड व्हॅन एम्डेन या इतिहासकाराच्या साहाय्याने. म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांवर विचारणाऱ्याचा आणि मांडणाऱ्याचाही हात फिरलेला.

मराठीच्या अभ्यासकाला हा गुंता नवा नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेत गेले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने. आणि सापडले १८५७ च्या वणव्यात. पाहिलेले त्यांनी कागदावर उतरवले ते पाव शतक उलटल्यावर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध केले ते आपला हात फिरवून. मूळ संहिता वाचकांसमोर आली ती दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ मध्ये. तारखा आणि तपशील यांबाबत गोडसेभटजींना तपासून घ्यावे लागते, हे आपण जाणतो. तरीही झाशीच्या पाडावाचे भय जाणून घ्यायचे तर आपण त्यांच्याकडेच जातो. आणि त्या ग्रंथाच्या अखेरीस आपल्या मनात राहतो तो द्रव्य न घेता, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतलेला मुलगा. रणांगण त्याने पाहिले ते संसारी माणसाच्या डोळ्यांनी, म्हणून ते इतके खरे उतरले.

पॅच यांच्या साक्षीकडेही असेच पाहावे असे आम्हांस वाटते. हल्ला किती वाजता सुरू झाला, कोणती तुकडी कोणत्या बाजूला होती, हे पलटणीच्या रोजनाम्यांतून मिळते. पॅच यांच्याकडून मिळते ते वेगळे : एखादी गोष्ट एका सामान्य माणसाला ऐंशी वर्षे पुरते कशी, आणि तिच्यातला कोणता कण अखेरपर्यंत झिजत नाही. आठवण आयुष्यभरात घडत गेली असेल, तर ते घडणे हाही इतिहासाचाच भाग होय. त्यातही आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. महायुद्धाचे जे इंग्रजी साहित्य आपण शिकवतो ते बहुतांशी तरुण अधिकाऱ्यांचे आहे. ओवेन, ससून, ग्रेव्हज हे सारे अधिकारी. आयझॅक रोझेनबर्गसारखा साधा शिपाई हा अपवाद. पॅच यांना कवितेचा आधार नव्हता. त्यांच्या बोलण्यात उपमा नाहीत. वस्तू आहेत, माणसे आहेत आणि एक तारीख आहे.

ती तारीख महत्त्वाची. ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर हा स्मरणदिन. ठरल्या वेळी सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. पॅच यांचा स्मरणदिन मात्र २२ सप्टेंबर. त्या दिवशी ते शक्यतो एकटे, गप्प राहत. सरकारी स्मरणसोहळ्याला त्यांनी देखाव्याच्या धंद्यातली गोष्ट म्हणून हिणवले होते, आणि युद्ध म्हणजे योजनाबद्ध खून, असे त्यांचे स्पष्ट मत होते. तरी ११ नोव्हेंबर २००८ रोजी लंडनच्या सेनोटाफपाशी हेन्री ॲलिंगहॅम आणि बिल स्टोन या आपल्यासारख्याच शतायुषी सोबत्यांसह ते आले, कारण न येणे हा मेलेल्यांचा उपमर्द झाला असता. फ्रान्सने १९९९ मध्ये दिलेले लीजन ऑफ ऑनर हे पदक त्यांनी आपल्या तीन मित्रांच्या नावे अर्पण केले. सन्मान नाकारायचा नाही, पण तो स्वतःपाशी ठेवायचाही नाही, अशी काहीशी ती रीत होती.

२००४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या १०६ व्या वर्षी, ते ईप्रला गेले आणि चार्ल्स कुएन्ट्झ या १०७ वर्षांच्या गृहस्थांना भेटले. कुएन्ट्झ आल्सासचे, त्या वेळी आल्सास जर्मनीत असल्याने ते जर्मन सैन्यातून पाशेंडेललाच लढले होते. दोघांनी एकमेकांसाठी घरून भेटी आणल्या होत्या. एकाने आल्सासच्या बिस्किटांचा डबा, दुसऱ्याने सॉमरसेटच्या सफरचंदी मद्याची बाटली. परगावच्या सोयऱ्याकडे जाताना आपण जसे काहीतरी गावचे घेऊन जातो, तसेच हे. राष्ट्रांनी करावयाचे तह कधीच झाले होते. या दोन म्हाताऱ्यांनी केला तो घरगुती तह. इतिहासाच्या पुस्तकात तो एखाद्या तळटीपेत जाईल. आमच्या मते तो मुख्य मजकुरात असायला हवा.

अशा माणसावर कविता होणे साहजिकच होते. त्या वेळचे राजकवी अँड्र्यू मोशन यांनी २००८ मध्ये पॅच यांच्या आयुष्यावर पाच भागांची कविता लिहिली. पॅच आणि ॲलिंगहॅम एका आठवड्याच्या अंतराने गेले तेव्हा मोशन यांच्या जागी आलेल्या कॅरोल ॲन डफी यांनी लिहिले. साहित्याने आपले काम केले. परंतु साहित्याच्या शिक्षकांचे काय, हा प्रश्न उरतो. आणि येथे ती आमची हकीकत सांगणे भाग आहे.

२००६ च्या सुमारास आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला होता : आपापल्या गावातील एखाद्या माजी सैनिकाची मुलाखत घ्यावी आणि ‘युद्धाचा अनुभव’ शब्दांकित करावा. सातारा जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने आपल्याच गल्लीतल्या, पंचाऐंशी ओलांडलेल्या आजोबांना गाठले. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून इटलीत होते. विद्यार्थी दोन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसला. आजोबा बोलले ते विहिरीबद्दल. पेन्शनच्या पहिल्या पैशांतून ती कशी खणली, खडक कुठे लागला, सुरुंग कोणी लावला. धाकट्या मुलीच्या लग्नात बैलजोडी कशी विकावी लागली. बायको शेवटच्या दुखण्यात काय खायला मागे. इटलीबद्दल एवढेच, की तिकडे थंडी फार आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका आपल्या म्हाताऱ्यांसारख्याच. बाकी काय, तेवढंच, असे म्हणून ते पुन्हा विहिरीकडे वळत. विद्यार्थ्याने हे सारे प्रामाणिकपणे लिहून आणले. आम्ही वहीवर शेरा मारला : ‘विषयाला धरून नाही. पुन्हा मुलाखत घ्यावी.’ तो पुन्हा गेला तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळले होते. त्या पावसाळ्यात ते गेले.

पॅच यांचे आयुष्य आम्ही काही वर्षांनी वाचले आणि तो शेरा आठवला. विहीर हेच त्या आजोबांचे उत्तर होते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. सुरुंग, खडक, खोल खणलेली जमीन, आणि शेवटी पाणी. यातला प्रत्येक शब्द त्यांनी इटलीतून आणला होता की गावातच कमावला होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही, आणि त्यात ओढूनताणून प्रतीक शोधण्याचा मोहही आम्ही आवरतो. कदाचित ते केवळ विहिरीबद्दलच बोलत असतील. तसे असेल, तरी युद्धानंतर आपण काय केले हे सांगण्याचा त्यांचा हक्क होता, आणि ते ऐकणे हे आमचे काम होते. आम्हांला चार महिने हवे होते. त्यांना आयुष्य सांगायचे होते.

ही चूक केवळ आमची नव्हे, म्हणूनच तिची चर्चा व्हावी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली. सुमारे ७४ हजार परतली नाहीत. आपल्याकडच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या; १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी पूना डिव्हिजनमधून कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर युद्धकैदी झाल्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधील नव शापेल येथे मोठी हानी सोसली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. अनेक गावांत इंग्रज सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. आकडे आहेत, नावे नाहीत. जे परत आले त्यांनीही सत्तावन्न-सत्तावन्न वर्षांचे संसार केले असतील. त्यांच्याही घरांत एकेक खोली बंद राहिली असेल. त्यांतला कोणी एकशे अकरा वर्षे जगला असता, तरी त्याला विचारायला कोण गेले असते?

दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीची बोटांवर मोजण्याइतकी माणसे आज उरली असतील. परंतु १९६२, १९६५ आणि १९७१ च्या लढायांतली माणसे आज सत्तरीत, ऐंशीत, नव्वदीत आहेत आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतच आहेत. त्यांच्याकडे पाठवताना विद्यार्थ्याच्या हाती प्रश्नावली देऊ नये, असे आम्ही आता ठरवले आहे. ओसरीवर बसावे, चहा घ्यावा आणि बोलणे जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावे. विहीर आली तर विहीर लिहावी. गप्प बसले तर किती वेळ गप्प बसले ते लिहावे. शौर्याची कथा मिळाली नाही म्हणून वही कोरी समजू नये.

पॅच यांची अंत्ययात्रा ६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये निघाली. त्यांच्या जुन्या पलटणीचा वारसा चालवणाऱ्या ‘द रायफल्स’च्या जवानांनी शवपेटी वाहिली, सोबत बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी या तीन देशांचे प्रत्येकी दोन सैनिक चालत होते. पॅच यांची एक इच्छा कसोशीने पाळली गेली : कोणाच्याही हाती शस्त्र नव्हते, मानवंदनेपुरतेही नाही. सरकारी इतमामाचा सोहळा त्यांनी आधीच नको म्हटला होता. दफन झाले ते कूम डाउनला लागून असलेल्या मंकटन कूमच्या लहानशा चर्चच्या आवारात, आपल्या घरच्या माणसांशेजारी. जन्मलेल्या घरापासून ही जागा फार दूर नाही. मधल्या अंतरात बेल्जियमचे चार महिने होते, विल्स मेमोरियलचा मनोरा होता, बाथच्या आगी होत्या, दोन संसार होते आणि ऐंशी वर्षांचे मौन होते. त्यांचे स्मरण करायचे तर हे अंतर सारेच्या सारे चालून जावे लागेल.